जिभेवरचा पांढरा थर

उधव्याहून आलेल्या आजोबांनी ‘तोंड आलंय’ म्हणून महिनाभर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. जिभेवर दह्यासारखा थर. पुसला की खाली लाल. २०२१च्या म्युकरमायकोसिसच्या आठवणीने घरचे धास्तावलेले. ही बुरशी वेगळी. कॅन्डिडा निरोगी माणसाच्या तोंडातही असते. प्रतिकारशक्ती घटली किंवा अँटिबायोटिक्सने तोंडातले जीवाणू मारले, की फोफावते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणे, रात्रीही न काढलेली कवळी, एचआयव्ही हीसुद्धा कारणे.

आजोबांची साखर निघाली ३४०. आयसीएमआरच्या २०२३मधील अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. अनेकांना पत्ताच नसतो. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. थर परत आला, तर नुसते लावायचे औषध मी देत नाही, आधी रक्त तपासायला पाठवतो.