अंधाऱ्या पाण्यातील शोधक

मेक्सिको देशात साकातोन नावाचे एक नैसर्गिक कुंड आहे. वरून पाहणाऱ्यास ते शांत तळ्यासारखे दिसते. परंतु त्याचे पाणी ३०० मीटरांहून अधिक खोल आहे. १९९४ साली शेक एक्स्ली हा निष्णात पाणबुड्या त्याचा तळ गाठावयास उतरला, तो जिवंत परतला नाही. पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो. मानवी देहाने हा भार किती सोसावा!

२००७ साली त्याच कुंडात ‘डेप्थएक्स’ नावाचा यंत्रमानव उतरला. यंत्रमानव म्हटले, की हातपाय असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. हा मात्र भल्या मोठ्या चपट्या भोपळ्यासारखा होता. तो चहूकडे ध्वनिलहरी सोडी, त्यांचे प्रतिध्वनी टिपून भिंतींचा नकाशा तयार करी आणि त्यावरून आपली वाट आपणच ठरवी. त्याने पाण्याचे व भिंतींवरील थरांचे नमुने वर आणले. जेथे सूर्यप्रकाश पोचत नाही, अशा त्या काळोखातही सूक्ष्मजीव सुखाने नांदत होते. त्यांतील काही तर विज्ञानाला अगदी अपरिचित होते.

धाडस हे मानवाचे भूषण. यंत्राला पुढे करण्यात कसला पराक्रम, असे कोणी म्हणेल. पण ज्ञान हाच हेतू असेल, तर त्यासाठी माणसाचा प्राण पणाला लावण्यात शहाणपण नाही. शिवाय, काही ठिकाणी माणूस जाऊच शकत नाही. गुरू ग्रहाच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या जाड कवचाखाली महासागर असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. २०२४ साली तिकडे निघालेले ‘युरोपा क्लिपर’ हे यान केवळ जवळून निरीक्षण करणार आहे. त्या पाण्यात बुडी मारण्याचे काम पुढच्या एखाद्या यंत्राचे. तेथून पृथ्वीवर संदेश यावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. ‘समोर खडक आहे, काय करू?’ असे विचारून उत्तराची वाट पाहत बसणाऱ्या यंत्राचा काय उपयोग? त्याला स्वतः निर्णय घेता आला पाहिजे, आणि ते शिक्षण त्याला आधी पृथ्वीवरील अशा बिकट कुंडांतच मिळाले पाहिजे. येथे फसले, तर निदान पुन्हा घडविता तरी येते.

मात्र कोठे शोधावे हे यंत्राने ठरविले, तरी सापडले ते जीवनच काय, याचा निवाडा त्याच्यावर सोपवू नये. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांतील एका प्रयोगात मातीतून असा वायू निघाला, की जणू तेथे जीव असावेत. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती निव्वळ रासायनिक क्रिया मानली. काहींना ते पटले नाही, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.