पीडीएफवाला पोरगा चोर, मग लायब्ररी फी घेणारे कोण?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

परवा आपल्याकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. एका पुस्तकविक्रेत्यानं लिहिलं की डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पुस्तकं आणून ठेवली, ॲडमिशनचा सीझन गेला, गठ्ठे तसेच पडून आहेत. पोरं टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवतात नाहीतर झेरॉक्स मारतात. झालं, ग्रुपवरचे ज्येष्ठ तुटून पडले. फुकटी पिढी, संस्कार नाहीत, मोबाइलला पैसे आहेत आणि पुस्तकाला नाहीत वगैरे. त्यात एका पोरानं लिहिलं, "काका, माझ्या चार पुस्तकांचे पैसे द्या, उद्याच विकत घेतो." त्याला ॲडमिननं ग्रुपमधून काढून टाकलं. वाद संपला.

माझ्या मते वाद तिथून सुरू व्हायला पाहिजे होता.

दुकानदाराचं दुःख खरं आहे, त्याबद्दल पुढे बोलतोच. आधी त्या पोराचा हिशेब मांडू. डिप्लोमाच्या एका सेमिस्टरला पाच-सहा विषय. पुण्यातल्या प्रकाशकांची अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलेली पुस्तकं दोन-तीनशेच्या घरात येतात. डिग्रीला गेलं की परदेशी लेखकांची जाडजूड पुस्तकं लागतात, ती स्वस्तातली भारतीय आवृत्ती घेतली तरी कित्येकदा हजाराच्या आसपास जातात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. हजाराचं एक पुस्तक म्हणजे जवळजवळ एकोणीस किलो सोयाबीन. एका विषयाचं एक पुस्तक! आणि तो हमीभाव बापाच्या हातात खरंच पडतो का, हे मार्केट यार्डात जाऊन विचारा.

मोबाइलचं म्हणाल तर आज फॉर्म, फी, हॉल तिकीट, रिझल्ट, स्कॉलरशिप सगळं मोबाइलवर. तो चैनीचा राहिलेला नाही, कॉलेजच्या दारातून आत जायचा पासच झालाय.

पूर्वी एक सोय होती. वरच्या वर्गातल्या दादा-ताईची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची आणि वर्षानं पुढच्याला द्यायची. पुण्याला कोणी जाणारं असलं तर अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं मागवायची. पण तंत्रशिक्षण मंडळानं २०१७ ला 'आय' स्कीम आणली आणि २०२३-२४ पासून 'के' स्कीम. अभ्यासक्रम बदलायलाच हवा, त्याला विरोध नाही. पण स्कीम बदलली की दादाचं पुस्तक निम्मं बाद होतं, हे कुणी हिशेबात धरत नाही.

आता कायद्याचं. गुळमुळीत बोलायचं नाही. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ फिरवणं किंवा झेरॉक्स काढून बाइंडिंग करून विकणं कायद्यात बसत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की हे कृत्य धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे विकणारा आणि वाचणारा यांच्यात फरक असतो, हे कायद्यालासुद्धा कळतं. आमच्या ग्रुपला कळत नाही.

दिल्लीचा खटला आठवा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतल्या प्रकरणांच्या झेरॉक्स एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला, साठ लाखांची भरपाई मागितली. गंमत म्हणजे ज्यांची पुस्तकं झेरॉक्स होत होती त्यातलेच अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभे राहिले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घ्या असं कळवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही देवानं दिलेला किंवा निसर्गानं दिलेला हक्क नाही, असा त्या निकालाचा सूर होता. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही कलम ५२ मधली शिक्षणासाठीची सवलत मान्य केली आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली.

पण थांबा. हा निकाल नाचवत कोणी 'सगळं माफ आहे' म्हणत असेल तर तेही चूक आहे. ती सवलत शिकवण्याच्या कामासाठी आहे. अख्ख्या पुस्तकाचं रंगीत कव्हरसकट डुप्लिकेट छापून फूटपाथवर विकायला त्यात परवानगी नाही.

म्हणून 'पायरसी' या एका शब्दाखाली सगळ्यांना कोंबू नका. माझ्या लेखी यात तीन वेगवेगळी माणसं आहेत.

पहिला, ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत. परीक्षा महिन्यावर आली आहे, लायब्ररीतली पाच पुस्तकं साठ पोरांत फिरताहेत. तो पीडीएफ उघडतो आणि पाच इंची स्क्रीनवर डोळे फोडून सर्किट डायग्राम बघतो. त्यानं पीडीएफ उघडली नसती तरी प्रकाशकाचं पुस्तक खपलं नसतं, कारण खिशात पैसेच नव्हते. कायदा त्याला काय म्हणायचं ते म्हणो. मी त्याला चोर म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

दुसरा, ज्याच्याकडे पैसे आहेत पण द्यायचे नाहीत. नोकरी लागली, पगार सुरू झाला, शनिवारी ढाब्यावर सात-आठशेचं बिल होतं, आणि पाचशेचं पुस्तक मात्र 'लिंक आहे का रे?' याला गरिबीच्या रांगेत उभं राहायचा काही हक्क नाही. गरीब पोराच्या अडचणीआड लपून हा आपली कंजुषी खपवतो.

तिसरा, जो यावर धंदा करतो. चॅनेलचा ॲडमिन जाहिराती लावून कमावतो. क्लासवाला दुसऱ्याच्या पुस्तकाची पानं झेरॉक्स करून त्यावर आपल्या क्लासचा शिक्का मारतो आणि 'नोट्स' म्हणून फीमध्ये पैसे लावतो. हा चोर. सरळ चोर. आणि गंमत बघा, ग्रुपवर संस्काराच्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी कुणीही यांचं नाव काढलं नाही. क्लासची जाहिरात सगळ्यांनाच लागते. पत्रकार असून सांगतो, आम्हालाही लागते.

"प्रकाशक काय, गब्बर असतात" हे पोरांचं आवडतं उत्तर. सगळ्यांना लागू होत नाही रे बाबांनो. दिल्लीत स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवणाऱ्या नीतू सिंग यांची पुस्तकं आणि लेक्चर टेलिग्रामवर बिनधास्त वाटली जात होती. त्या कोर्टात गेल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं टेलिग्रामला त्या चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली. त्या परदेशी कंपनी नाहीत, शिकवून आणि लिहून जगणाऱ्या आहेत. आपल्याकडेही डिप्लोमाची पुस्तकं लिहिणारे बहुतेक जण साधे लेक्चरर असतात. मराठीत समजावून लिहिणारे तर हातावर मोजण्याइतके. अडीचशेच्या पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी धरली तर लेखकाला मिळतात पंचवीस रुपये. एक कटिंग आणि वडापाव. तेही बुडवायचे, आणि मग 'मराठीत चांगली टेक्निकल पुस्तकं का नाहीत?' म्हणून रडायचं?

ही झळ मला कळते. रोज पहाटे पेपरची पीडीएफ पन्नास ग्रुपवर फिरते. दिवसभर तालुका पालथा घालून आणलेली बातमी दुपारपर्यंत चार पोर्टलवर असते आणि नाव भलत्याचंच. तरीसुद्धा मी पोरांवर चिडत नाही. कारण या सगळ्यात एक माणूस आहे ज्याच्याकडे कोणाचंच बोट जात नाही.

तो म्हणजे कॉलेज.

फीची पावती काढा. त्यात लायब्ररीच्या नावानं काहीतरी रक्कम असते, शिवाय डिपॉझिट वेगळं. ती रक्कम जाते कुठे? गेल्या काही वर्षांत बातमीच्या निमित्तानं मी बऱ्याच कॉलेजांच्या लायब्रऱ्या बघितल्या. एका ठिकाणी कपाटांना कुलूप आणि किल्ली प्राचार्यांकडे. दुसरीकडे एकाच पुस्तकाच्या तीस प्रती, पण जुन्या स्कीमच्या. तपासणीची कमिटी येणार म्हटलं की रजिस्टर भरतं, पुस्तकांवर शिक्के बसतात, आणि कमिटीची गाडी फाट्यावर पोचायच्या आत सगळं पुन्हा कुलपात. ग्रंथपालाचं पद रिकामं, नाहीतर क्लार्ककडे अतिरिक्त चार्ज.

आणि मग वर्गात सर सांगतात, "ग्रुपवर पीडीएफ टाकली आहे, बघून घ्या."

इथे खरी गोम आहे. पीडीएफमुळे प्रकाशकाचं किती नुकसान होतं ते होवो, पण कॉलेजचे पैसे मात्र नक्की वाचतात. पोरं कशीतरी भागवून घेतात म्हटल्यावर पुस्तकं घ्यायचा दबावच राहत नाही. लायब्ररीचे पैसे घेतले, पुस्तक दिलं नाही, आणि गुन्हा पोराच्या मोबाइलमध्ये ढकलला. पैसे संस्थेला, बदनामी पोराला. याला मी फसवणूक म्हणतो.

सरकारचंही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स सरकारी संस्थांना खुली. योजना वाईट नाही, संशोधकांना तिचा उपयोग आहे. पण ती जर्नल्सची आहे. आपल्या पोराला सेकंड इयरला लागणारं पाठ्यपुस्तक त्यात नाही. हजारो कोटी मोठ्या प्रकाशकांना द्यायची सोय होते, मग पॉलिटेक्निकच्या कपाटात प्रत्येक विषयाच्या वीस चालू प्रती का येत नाहीत?

आणि आपलं सार्वजनिक वाचनालय? महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. तालुक्याच्या वाचनालयात अभ्यासिकेच्या खुर्च्या सकाळी सातला भरतात, जागेसाठी भांडणं होतात. पण इलेक्ट्रिकलचं एक पुस्तक मागून बघा. कादंबऱ्या आहेत, चरित्रं आहेत, आयटीआय-डिप्लोमाच्या पोराचं काही नाही. तो गावातला वाचक नाही का?

बरं, नुसतं रडून भागत नाही. करायचं काय, ते सांगतो.

पोरांनो, आधी जे कायदेशीर फुकट आहे ते घ्या. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंग-डिप्लोमाची पुस्तकं मराठीतसुद्धा आहेत आणि डाउनलोड मोफत आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. अर्ध्या पोरांना ही नावं माहीत नसतात, कारण सांगायचं काम ज्यांचं ते पीडीएफ टाकून मोकळे होतात.

इथल्या लेखकाचं दोन-अडीचशेचं पुस्तक असेल तर चौघांत वर्गणी काढून एक घ्या. एकेकाला साठ रुपये पडतात. कोणाचंही पुस्तक स्कॅन करून चॅनेलवर चढवू नका आणि विकू तर नकाच. नोकरी लागली की ज्या पुस्तकावर पास झालात ते एक विकत घ्या आणि कॉलेजला नाहीतर वाचनालयाला द्या. उधारी आहे ती, विसरायची नाही.

पालकांनो, प्राचार्यांना तीन प्रश्न विचारा. यंदा लायब्ररीपोटी किती जमा झाले? चालू स्कीमची किती पुस्तकं घेतली? पुस्तक पेढी आहे का, आणि समाजकल्याणच्या योजनेत बसणाऱ्या पोरांना तिचा संच मिळतो का? कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल आणि उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं तिकीट लावून. विनाअनुदानित असेल तर त्यांच्या वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचं पान असायला हवं. त्यात लायब्ररीतल्या पुस्तकांचा आकडा शोधा, आणि मग स्वतः जाऊन कपाटं मोजा.

आणि दुकानदार दादा, तुमच्याशीही बोलायचंय. तुमचं गिऱ्हाईक एकटा पोरगा नाही. तुमचं खरं गिऱ्हाईक कॉलेजची लायब्ररी आहे, आणि तीच खरेदी करत नाही. पोरांना शिव्या देण्यापेक्षा आमच्याबरोबर प्राचार्यांच्या केबिनमध्ये चला. तुमचे गठ्ठे तिथून हलतील.

तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजची लायब्ररी फी आणि पुस्तक खरेदी, असा तक्ता मी याच पेजवर टाकणार आहे. तुमच्याकडे फीची पावती असेल तर नाव आणि नंबर झाकून इनबॉक्समध्ये पाठवा. संस्थाचालकांनी आपली बाजू पाठवली तर तीही जशीच्या तशी छापेन.

ही पोस्ट कॉपी-पेस्ट करून कुठेही टाका, परवानगी आहे. फक्त खालचं नाव खोडू नका.