गोधडी, दोरा आणि मशीनचं ‘टेन्शन’



गेल्या दिवाळी अंकानंतर आपल्यातल्याच एका ताईंचा फोन आला. आई जाऊन पाच वर्षं झाली, तिच्या सुती साड्या बॅगेत तशाच घडी घालून ठेवल्या आहेत. गोधडी शिवायची इच्छा आहे, मशीनही घरात आहे, पण कात्री लावायला हात धजत नाही. “चुकलं तर ही साडी पुन्हा कुठून आणू?” असं त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त आहे. म्हणून यंदाचं सदर त्यांच्यासाठी, आणि कपाटात अशी एखादी बॅग असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या गोधडीला मी दुकानातला सगळ्यात मजबूत पॉलिएस्टरचा दोरा आणला. वरून टाके छान दिसत होते, म्हणून चार ओळी न थांबता घातल्या. उलटून पाहिलं तर खाली दोऱ्याचे नुसते फासे. उसवायला बसले. नवं कापड उसवलं तर सुईची भोकं धुतल्यावर बरीचशी मिटतात. विरलेल्या साडीची मिटत नाहीत. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग राहिली आणि तिथेच साडी फाटली. जुन्या साडीवर चूक दुरुस्त करता येत नाही. ती आधी चिंधीवरच करून घ्यावी लागते.

हाताच्या गोधडीत हा प्रश्न नव्हता. आपल्या आज्या धावदोऱ्याने शिवायच्या. त्यात एकच दोरा कापडातून वर-खाली जातो, आणि तो किती ओढायचा हे बोटांना कळतं. मशीनचा टाका वेगळा. १८४६ साली एलायस हाउ यांनी अमेरिकेत ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात दोन दोरे होते. आजही आपल्या घरातल्या मशीनमध्ये सुईचा दोरा वरून येतो, बॉबिनचा खालून, आणि दोघे कापडात एकमेकांत अडकतात. ती अडकण थरांच्या बरोबर मध्ये बसली पाहिजे. दोन्ही दोऱ्यांची ओढ सारखी असली तरच ती तिथे बसते. ‘टेन्शन’ म्हणतात ते एवढंच.

आता दोरा. नियम सोपा आहे: दोरा कापडापेक्षा नाजूक हवा. गोधडी ओढली, ताणली गेली, तर आधी दोरा तुटावा. तुटलेली शिवण पुन्हा घालता येते, फाटलेली साडी सांधता येत नाही. म्हणून जुन्या सुती साडीला सुती दोराच बरा, ५० नंबरचा. इथे आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे ४० नंबरचा दोरा ५०पेक्षा जाड. मात्र सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत, तेव्हा वर आणि खाली एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा दोरा घ्या.

दोन गोष्टी टाळा. रिळावर ‘हँड क्विल्टिंग’ लिहिलं असेल तर ते मशीनला नको. त्या दोऱ्यावर बऱ्याचदा लेप असतो आणि तो मशीनमध्ये साचतो. दुसरी गोष्ट जरा जिवावर येणारी आहे. आईच्या शिवणाच्या डब्यातली जुनी रिळं वापरू नका. सुती दोरा वर्षानुवर्षं ठेवला की कुजतो. हातभर दोरा काढून झटका द्या. पट्कन तुटला तर रीळ आठवण म्हणून ठेवा, शिवायला नवं आणा. सुईही नवी घाला. ५० नंबरच्या दोऱ्याला ८०/१२ची सुई चालते. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे ओढते.

आता चाचणी. गोधडीत जितके थर असतील, तितकेच थर त्याच साडीच्या चिंध्यांचे घ्या आणि वीतभर चौकोन टाचा. एरवी दोन्ही दोरे एकाच रंगाचे ठेवायचे, पण चाचणीपुरता वर लाल आणि खाली पांढरा घाला, म्हणजे कोण कुठे डोकावतो ते दिसेल. टाका ३ मिलिमीटरचा ठेवा आणि एक ओळ शिवा.

वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, तर वरचा दोरा जास्त ओढतो आहे. टेन्शनचा आकडा अर्ध्याने कमी करा. उलट्या बाजूला लाल ठिपके दिसले, तर वरचा दोरा सैल आहे. आकडा अर्ध्याने वाढवा. एका वेळी अर्धाच, आणि दर वेळी नवी ओळ. जो आकडा जमेल तो त्या चिंधीवरच पेनाने लिहा, दोऱ्याच्या नंबरासकट. पुढच्या गोधडीला उपयोगी पडेल.

खाली दोऱ्याचा गुंताच झाला, माझ्यासारखे फासे आले, तर आपण बॉबिनला दोष देतो. बहुतेक वेळा चूक वर असते. मशीनचा पाय खाली असताना दोरा ओवला, तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, कारण पाय खाली असताना त्या मिटलेल्या असतात. पाय उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. माझ्या चार ओळी या एवढ्याशा कारणाने गेल्या.

बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी तिथली धूळ आणि तंतू ब्रशने झाडा. तरीही जमलं नाही, तर स्क्रू कुठे होता ती खूण करून घ्या आणि अगदी थोडासा फिरवा. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल.

आणि ताई, तुमचा मूळ प्रश्न. कात्री लावायची की नाही?

आपल्या आया-आज्या साडी कापायला घाबरत नव्हत्या. लुगडं आधी बसायच्या जागी विरायचं. मग तो मधला भाग कापून टाकायचा, दोन्ही धड टोकं जोडायची आणि पुन्हा नेसायचं. याला ‘दंड घालणं’ म्हणत. दंडाचं लुगडंही विरलं, की त्याची गोधडी व्हायची. तेव्हा साडी कापणं हा तिचा अपमान नाही, तिच्या वापरातलाच पुढचा टप्पा आहे.

तुम्हीही तसंच करा. साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. जिथून उजेड सहज आरपार येतो तो भाग विरलेला. त्यातल्या थोड्या चिंध्या चाचणीला काढा, उरलेला गोधडीच्या आतल्या थरात जाऊ द्या. पदर आणि काठाजवळचा धड भाग वर ठेवा. सगळे थर कच्च्या टाक्यांनी नीट टाचा, मधून सुरुवात करून बाहेर शिवत जा, आणि पहिली ओळ झाली की थांबून उलटून पाहा. मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला याल तेव्हा ती चाचणीची चिंधी पर्समध्ये घालून आणा. फराळ झाला की आपण दोघी चष्मा लावून बघू.

शुभ दीपावली!