माणसे हाकायची की जोडायची?

नेतृत्व शिकविणाऱ्या शिबिरांचा आज सुकाळ आहे. कारखान्यांतील व्यवस्थापक, कचेऱ्यांतील अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, सारेच दोन-तीन दिवसांचे धडे घेऊन परततात. या धड्यांशी आमचे वैर नाही. परंतु सुखाच्या दिवसांत माणसे सांभाळणे आणि मरणाची छाया पसरली असता माणसे सांभाळणे, यांत महदंतर आहे. या दुसऱ्या विद्येचे दोन अस्सल पाठ महाराष्ट्राच्याच दोन शहरांत, एकाच कायद्याच्या आधाराने गिरविले गेले. त्यांचे स्मरण मात्र आम्हांस क्वचितच होते.

पहिला पाठ पुण्याचा. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबांची नेमणूक झाली. घरोघर शोध घ्यावा, रोग्यास वेगळे ठेवावे, घर निर्जंतुक करावे, हे उपाय तत्कालीन वैद्यकास मान्यच होते. प्रश्न उपायांचा नव्हता. ते अमलात आणणाऱ्या हातांचा होता. ज्यांना येथील भाषा ठाऊक नव्हती आणि देवघर कोणते व माजघर कोणते हेही कळत नव्हते, असे गोरे सोजीर घरांत शिरले. स्त्रियांच्या अब्रूची आणि गरिबाच्या चीजवस्तूंची चाड राहिली नाही. लोक रोगापेक्षा शोधपथकालाच अधिक भिऊ लागले. रोगी दडविले जाऊ लागले. अखेर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. प्लेग मात्र त्याच वर्षी पुन्हा पुण्यात परतला.

त्याच पुण्यात, त्याच मार्च महिन्यात, एक वृद्ध स्त्री कोणाच्याही नेमणुकीवाचून रोग्यांची शुश्रूषा करीत होती. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. हुकमाची सारी शक्ती एकीकडे आणि लोकांचा विश्वास दुसरीकडे, हे दृश्य इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहावयास मिळते.

दुसरा पाठ धारावीचा. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने १८९७ चाच कायदा लागू केला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ जण आणि सार्वजनिक शौचालये. तेथे ‘घरातच अलग राहा’ हा उपदेश म्हणजे निव्वळ थट्टाच ठरली असती. १ एप्रिलला पहिला रुग्ण आढळला. महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना हाताशी धरले आणि ते घरोघर फिरले. ज्या डॉक्टराकडे आपण वर्षानुवर्षे औषध घेतले, त्याच्यापासून ताप कोण लपवील? शाळा व सभागृहे विलगीकरणासाठी घेतली गेली, तेथे जेवणाची सोय झाली, शौचालये वारंवार निर्जंतुक केली गेली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव आदराने घेतले. असंख्य मजूर गावी निघून गेल्याने वस्तीवरील भार हलका झाला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि जे राहिले, त्यांनी रोग लपविला नाही, तो दाखविला. खरे यश तेच.

याच वर्षाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. ज्याचा उद्याचा घास उद्याच्याच मजुरीवर अवलंबून, त्या मजुराने चार तासांत काय करावे, याचा विचार त्या हुकमात नव्हता. तो मजूर मुलांना खांद्यावर घेऊन महामार्गाने चालू लागला. त्याला बेशिस्त म्हणणाऱ्यांनी आपल्या कोठीतील धान्याकडे एकदा पाहावयास हवे होते.

सारांश, संकटात माणसे ऐकतात ती तीन गोष्टींमुळे: सांगणारा ओळखीचा असतो, सांगण्याचे कारण पटलेले असते आणि ऐकल्यास चूल विझणार नाही याची हमी असते. यांतील पहिली गोष्ट संकट आल्यावर निर्माण करता येत नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु रात्री दोन वाजता ज्याचे दार ठोठावता येते, तो नगरसेवक जागेवर नसणे ही केवळ राजकीय उणीव नव्हे. संकटाच्या वेळी वापरावयाचा दुवाच त्यामुळे तुटतो. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना पाणी मिळत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: अधिकाऱ्यांना शिबिरांस अवश्य पाठवा, परंतु परतल्यावर त्यांना प्रभागातील गल्लीबोळांतून हिंडवा, तेथील डॉक्टर, शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते आणि सफाई कामगार यांच्याशी त्यांची ओळख होऊ द्या. पुढील साथ किंवा पुढील पूर तारीख कळवून येणार नाही. कायद्याचे पुस्तक त्या दिवशीही हाताशी असेल. ते रँडच्या हाताने उघडले जाणार की धारावीतील डॉक्टरांच्या, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आजच ठरत आहे.