पुलाची फट

सिल्वासाहून नरोलीकडे जाताना दमणगंगेचा पूल लागतो. पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली, की धडक् आवाज येतो. आमच्या मेहुण्यांच्या मुलीने विचारलं, “पूल फुटलाय का?” नाही वाचकहो, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. काँक्रीट उन्हात वाढतं. तीस मीटरचा गाळा 30 अंशांच्या फरकाने साधारण 1 सेंटिमीटर लांबतो. (आपला सेतू नि कानडीतला ‘सेतुवे’ एकच, फटही तीच!)

फटीतून पाणी झिरपलं, की खालची बेअरिंग आणि खांबाच्या माथ्यातलं लोखंड गंजतं. म्हणून हल्ली फटीपेक्षा रुंद फोमची पट्टी दाबून बसवतात. ती फुगून दोन्ही कडांना भिडते. तिची खरी परीक्षा पुलावरच. सांध्यावर बांध घालून पाणी साठवायचं आणि खालून पाहायचं, थेंब पडतो का.

पण ही चाचणी भर मेमध्ये घेतली, तर फोम पास होणारच! तेव्हा फट मिटलेली असते. ती सर्वांत रुंद होते जानेवारीच्या पहाटे. माझं स्पष्ट मत, पाणी तेव्हा ओतून बघावं. शिवाय सिल्वासा कारखान्यांचं गाव, मालट्रकांची वर्दळ. चाकांखाली फटीत रुतलेली खडी फोम फाडते. ती पावसाळ्याआधी कोण काढणार, हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्यायला हवं.