वीस रुपयांत नंबर जिवंत राहतो? पालीहून कुवेतला गेलेल्या सिमकार्डाचं गणित

जानेवारी २०२५ मध्ये एक मेसेज धडाधड फॉरवर्ड झाला. 'ट्रायचा नवा नियम! बॅलन्समध्ये फक्त २० रुपये ठेवा, रिचार्ज न करता सिम चार महिने चालू राहणार.' महिन्या-महिन्याच्या रिचार्जला वैतागलेल्या लोकांनी तो आनंदाने पुढे ढकलला. पण ज्यांच्या घरातलं कुणीतरी परदेशात आहे, त्यांच्यासाठी तो नुसता आनंदाचा नव्हता, पैशांचा प्रश्न होता.

उदाहरणासाठी पालीचं एखादं घर घ्या. पाली म्हणजे रत्नागिरी तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. (बल्लाळेश्वराचं पाली रायगडात, ते वेगळं.) हातखंब्याच्या पुढे, जिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीजकडे वळतो, ते. रत्नागिरी जिल्ह्यातून पूर्वी माणसं मुंबईला जायची, मग आखातात जाऊ लागली. समजा, या घरातला थोरला मुलगा कुवेतमध्ये कामाला आहे. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. तिथे त्याच्याकडे तिथलं सिम आहे, रोजचं सगळं त्यावर चालतं. पण त्याचा जुना भारतीय नंबर बँकेला जोडलेला आहे, आधारला जोडलेला आहे, विमा पॉलिसीला आहे, गॅसच्या बुकिंगलासुद्धा आहे. तो नंबर कुणाशी बोलण्यासाठी नाही. वर्षातून पंधरा-वीस वेळा सहा आकडी ओटीपी यावा, एवढंच त्याचं काम.

मग एवढ्या कामासाठी वर्षाला किती खर्च करायचा?

व्हायरल मेसेजवर विश्वास ठेवला तर हिशोब झकास आहे. पहिले ९० दिवस फुकट, मग दर ३० दिवसांना २० रुपये. म्हणजे वर्षाला दोनशेच्या आसपास. अडचण अशी की हा हिशोब ज्या नियमावर उभा आहे, तो सांगतो वेगळंच.

नियम नवा नाही, आणि तो ओटीपीबद्दल नाहीच

हा नियम २०१३ चा आहे. ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांमध्ये तेव्हा दुरुस्ती केली होती. त्यात म्हटलं होतं की प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही, तरच कंपनी तो बंद करू शकते. आणि त्या वेळी खात्यात २० रुपये किंवा जास्त असतील, तर ते कापून घेऊन नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवायचा, बॅलन्स असेपर्यंत हेच चालू ठेवायचं. बॅलन्स नसल्यामुळे नंबर बंद झालाच, तर तो परत चालू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत.

यातला 'वापर' हा शब्द नीट वाचायला हवा. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा, हे वापरात धरलं जातं. नुसता आलेला एसएमएस धरला जात नाही. म्हणजे कुवेतमध्ये सिम घालून ठेवलंय, बँकेचे मेसेज येतायत, म्हणून नंबर 'वापरात' आहे असं समजू नये. तीन महिन्यांत एकदा तरी त्यावरून एखादा एसएमएस पाठवलेला बरा.

पण मोठी गफलत पुढेच आहे. या नियमात वचन एवढंच आहे की तुमचा नंबर दुसऱ्याला दिला जाणार नाही. त्यावर मेसेज येत राहतील, असं तो नियम म्हणत नाही. नंबर तुमच्या नावावर असणं आणि नंबरवर सेवा चालू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावच्या घराची घरपट्टी भरलीय म्हणून घरात वीज असेलच असं नाही, तसं.

२०१३ मध्ये हा फरक फारसा जाणवत नव्हता. दहा रुपयांचा टॉप-अप मारला की इनकमिंग महिनोन्‌महिने चालू राहायचं. नोव्हेंबर २०१८ च्या सुमाराला एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्जची पद्धत आणली, ३५ रुपयांत २८ दिवस. तेव्हापासून बॅलन्स शिल्लक असला तरी वैधता संपली की आधी आउटगोइंग बंद, काही दिवसांनी इनकमिंगही बंद. पुढे दर चढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेल आणि वीचा २८ दिवसांचा अनलिमिटेड प्लॅन १९९ रुपयांवर आणि जिओचा १८९ वर गेला. २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षात तेरा रिचार्ज होतात, म्हणजे १९९ च्या दराने २,५८७ रुपये. पंधरा-वीस ओटीपींसाठी.

स्वस्तातला मार्ग कोणता?

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणा, आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. डोळ्यांसमोर होते ते साधा फोन वापरणारे ज्येष्ठ, ग्रामीण ग्राहक आणि दोन सिम ठेवणारे. परदेशी राहणाऱ्याला त्याचा फायदा झाला तो अनायासे.

तोही सहज झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी आधी जे पॅक आणले, ते म्हणजे जवळपास जुनेच प्लॅन, डेटा काढून घेतलेले आणि किंमत थोडीशीच कमी केलेली. लोकांनी सोशल मीडियावर धुतल्यावर आणि ट्रायने दर तपासण्याचं बोलून दाखवल्यावर काही दिवसांत किमती उतरल्या. एअरटेलचा वर्षाचा पॅक १,९५९ वरून १,८४९ वर आला. वीचाही वर्षाचा दर १,८४९. जिओचा १,७४८, पण तो ३३६ दिवसांचा, हे रिचार्ज करताना हमखास नजरेतून सुटतं. ८४ दिवसांचे पॅक एअरटेलकडे ४६९ ला आणि जिओकडे ४४८ ला होते. हे आकडे २०२५ च्या सुरुवातीचे आहेत, रिचार्ज मारण्याआधी कंपनीच्या ॲपवर चालू दर बघून घ्यावा.

म्हणजे हिशोब दिवसाला पाच रुपयांवर येतो. महिन्याला साधारण १५४. व्हायरल मेसेजमधल्या दोनशे रुपयांच्या नऊपट, पण २८ दिवसांच्या रिचार्जपेक्षा वर्षाला सातशेहून अधिक रुपयांनी कमी. शिवाय पालीत बसलेल्या धाकट्या भावाला दर महिन्याला 'दादाचा रिचार्ज मारायचाय' हे लक्षात ठेवावं लागत नाही. तेराव्या वेळी तो विसरला, म्हणून नंबर गेला, असं होऊ शकतं, ही खरी भीती.

तरीसुद्धा या पॅकमध्ये जे विकलं जातंय, ते या ग्राहकाला नकोच आहे. अनलिमिटेड कॉल तो भारतात नसताना करणार कुठून? वर्षाला ३,६०० एसएमएस पाठवणार कुणाला? त्याला हवा आहे फक्त येणारा मेसेज, आणि तेवढंच विकणारा पॅक या कंपन्यांनी आणलेला नाही. अमेरिकेत देश सोडणारा माणूस एकदाच २० डॉलर भरून आपला नंबर गुगल व्हॉइसकडे हलवू शकतो. ब्रिटनमध्ये गिफगाफसारख्या कंपनीचं सिम सहा महिन्यांतून एकदा वापरलं तरी चालू राहतं. आपल्याकडे सरकारी आणि बँकेची जवळपास प्रत्येक गोष्ट मोबाईल नंबरला बांधली गेली, पण नंबर कमी पैशांत नुसता सांभाळून ठेवण्याची सोय मात्र झाली नाही.

सिम आईकडे ठेवलं तर?

बऱ्याच घरांतला तोडगा हाच असतो. सिम एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालून आईकडे द्यायचं. ओटीपी आला की आई आकडे वाचून दाखवते, नाहीतर शेजारच्या मुलाकडून टाइप करून घेते. दुबईत असाल तर आकडे टाइपच करावे लागतात, कारण यूएईमध्ये व्हॉट्सॲप कॉलवर निर्बंध आहेत. इकडे पावसात वीज गेलेली, फोन चार्ज नाही, रेंज एकाच खिडकीत, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची.

गैरसोय एकवेळ चालेल. धोका असा की त्या सिमवर बँकेचा ओटीपी येतो, आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याचा फोनही त्याच सिमवर येतो. ओटीपी वाचून दाखवायची सवय लागलेल्या माणसाला एके दिवशी भलत्याने आकडे विचारले तर? आईवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तिच्यावर हा भार टाकू नये म्हणून तरी सिम स्वतःजवळ ठेवलेलं बरं.

दुसरं कारण आता नव्याने आलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या ॲपना निर्देश दिले की ज्या नंबरवर खातं आहे, ते सिम त्या फोनमध्ये असेल तरच ॲप चाललं पाहिजे. सायबर फसवणुकीला आळा घालणं हा हेतू. आजवर पद्धत अशी होती की एकदा ओटीपी टाकून व्हॉट्सॲप सुरू केलं की सिम पालीच्या कपाटात का असेना, खातं कुवेतमध्ये चालतं. हा निर्देश ज्या दिवशी पुरता लागू होतो, त्या दिवसापासून सिम एका देशात आणि खातं दुसऱ्या देशात, हा संसार मोडतो.

सिम सोबत नेणाऱ्यांसाठी व्यवहार असा. विमानात बसण्याआधी भारतातच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं, तिथे पोचल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागण्याची शक्यता. फोन दोन सिमचा हवा, किंवा भारतीय नंबर ई-सिमवर घ्यायचा म्हणजे खाच तिथल्या सिमसाठी मोकळी राहते. डेटा रोमिंग बंद ठेवायचं. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला तर मिनिटामागे पडतात. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना मात्र त्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, तो रोमिंगच्या दराने जातो. तेवढा बॅलन्स असू द्यावा.

तिथलाच नंबर बँकेला दिला तर चालत नाही का?

काही अंशी चालतं. अनिवासी खात्यांना परदेशी नंबर जोडायची सोय अनेक बँका देतात. तसंही परदेशात नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घेणं फेमा कायद्याने अपेक्षितच आहे, गावाकडे ते बरेचदा राहून जातं.

यूपीआयचं मात्र देशावर अवलंबून आहे. एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरवर यूपीआयला परवानगी दिली, ती एनआरई-एनआरओ खात्यांसाठी आणि दहा देशांसाठी. त्यात सौदी अरेबिया, यूएई, ओमान, कतार होते. पुढे फ्रान्स आणि मलेशियाची भर पडली. कुवेत आणि बहरीन दोन्ही याद्यांमध्ये नव्हते. म्हणजे पालीतल्याच दोन भावांपैकी दोहाचा भाऊ तिथल्या नंबरवर यूपीआय चालवू शकतो आणि कुवेतच्या भावाला भारतीय सिम सांभाळत बसावं लागतं.

आणि आधार आहेच. परदेशी नंबरवर आधारचे मेसेज पाठवले जात नाहीत. त्यामुळे आधार ओटीपीवर चालणारी जी जी कामं आहेत, त्यांना भारतीय नंबरला पर्याय नाही.

एसएमएसचा हा जाच कमी होण्याची एक शक्यता आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत डिजिटल पेमेंटसाठी दोन पातळ्यांची खातरजमा कायम ठेवली आहे, पण दुसरी पातळी एसएमएसचीच हवी असा आग्रह नाही. बँकेच्या ॲपमधला टोकन किंवा बोटाचा ठसासुद्धा चालू शकतो. कुठली बँक ते किती लवकर आणते, यावर सगळं.

आणि नंबर गेलाच तर?

बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, मग तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने ट्रायचं म्हणणं मान्य करून याचिका निकाली काढली. जुन्या नंबरवरचा व्हॉट्सॲपचा डेटा पुसणं ही ग्राहकाची स्वतःची जबाबदारी ठरली. एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपना बंद झालेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून ते नंबर काढून टाकावे लागतात. ही काळजी चांगलीच आहे, पुढच्या ग्राहकाला तुमचे ओटीपी जायला नकोत. पण कुवेतमध्ये बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ असा की रिचार्ज विसरला तर आधी नंबर जातो, मग यूपीआय, आणि हे त्याला कळवणारा मेसेज त्याच बंद नंबरवर जाणार.

दुरुस्ती तिथून करणं जवळपास अशक्य. डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने ओळखपत्र घेऊन जावं लागतं. इथे आणखी एक गोष्ट निघते. पुष्कळांचा पहिला नंबर वडिलांच्या नाहीतर काकांच्या कागदपत्रांवर घेतलेला असतो. तो कुणाच्या नावावर आहे, हे सुट्टीवर आल्यावरच बघून आपल्या नावावर करून घ्यावं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे नंबर दिसतात.

गणपतीला किंवा ईदला घरी आलात की ही कामं पहिल्या आठवड्यात उरकायची, शेवटच्या नव्हे. सिम बदललं तर २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. आणि जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. विमान पकडायच्या आदल्या संध्याकाळी रत्नागिरीत जाऊन नवं सिम घेतलं, तर ते चालतंय की नाही हे कुवेतला उतरल्यावरच कळेल.