सध्या काय ऐकताय?

जॅझचे दोन शौकीन भेटले, की खुशाली नंतर. आधी प्रश्न, ‘सध्या कुठली रेकॉर्ड लावताय?’ उत्तरेही साधारण ठरलेली. कुणाची माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’, तर कुणाचा लुई आर्मस्ट्राँग. ‘अलबेला’चे नाव मात्र कुणाच्या ओठावर येत नाही. वास्तविक ते यायला हवे.

१९५१ सालच्या या चित्रपटाला संगीत होते सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. त्यांच्या सोबतीला होता गोव्यातील हळदोण्याचा ट्रंपेटवादक अँतोनियो झेवियर वाझ, उर्फ चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे आणि रसिक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही झळकला.

चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या अशा गोवेकरांनी हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद घडवला. रेकॉर्डवर नावे छापली जात ती गायकाची आणि संगीतकाराची. वादकाचे सहसा नाहीच. चिक १९६७ साली गेला. ‘जॅझ आपल्याला कळत नाही बुवा’ म्हणणाऱ्या कित्येक मराठी घरांत त्याचा ट्रंपेट तोवर शेकडो वेळा वाजून गेला होता.